घरीं राहिलेला माणूस

सणाच्या निमित्तानें जन्मास येणाऱ्या कलाकृतींचें आयुष्य बहुधा सणाइतकेंच असतें. सण सरला कीं आकाशकंदील उतरवून ठेवावा, तशीं हीं गाणीं, गोष्टी आणि चित्रपट लोक मनाआड करतात. पाश्चात्य देशांत नाताळासाठीं दरवर्षीं असे कितीतरी चित्रपट निघतात. त्यांत बर्फ पडतो, घंटा वाजतात, रुसलेलीं माणसें एकत्र येतात; आणि जानेवारी उजाडला कीं त्यांतील कांहींच आठवत नाहीं. अशा स्थितींत १९४६ सालचा एक अमेरिकन बोलपट आज सुमारें ऐंशीं वर्षांनींही दर नाताळांत घरोघरीं पाहिला जातो, आजोबांनीं पाहिलेला नातवंडें पाहतात, आणि पाहतांना मुलांपेक्षां प्रौढांचेच डोळे अधिक ओले होतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. फ्रँक काप्रा यांनीं दिग्दर्शित केलेला 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा तो चित्रपट. त्याच्या टिकाऊपणाचें मर्म कशांत असावें, याविषयीं आम्हांस जें वाटतें तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या चित्रपटाचा जन्म मुळींच थाटाचा नव्हता. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाची एक लहानशी गोष्ट कोणी प्रकाशक छापीना; तेव्हां त्यानें तिच्या दोनशें प्रती स्वतःच छापून १९४३ च्या नाताळांत शुभेच्छापत्राप्रमाणें इष्टमित्रांस धाडल्या. पुढें आर. के. ओ. या चित्रपटकंपनीनें दहा हजार डॉलर देऊन त्या गोष्टीचे हक्क घेतले, आणि शेवटीं ती काप्रा यांच्या हातीं आली. काप्रा हे युद्धकाळांत सैन्यासाठीं चित्रपट करून नुकतेच परतले होते, व त्यांनीं 'लिबर्टी फिल्म्स' ही स्वतंत्र संस्था काढिली होती. नायकाची भूमिका करणारे जेम्स स्ट्युअर्ट हेही बाँबफेकी विमानाचे वैमानिक म्हणून युद्ध पाहून आले होते, आणि परतल्यावर त्यांनीं केलेला हा पहिलाच चित्रपट. चित्रीकरण झालें तें १९४६ च्या ऐन उन्हाळ्यांत, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यांत. पूर्वी पडद्यावरील बर्फासाठीं रंगविलेले मक्याचे पोहे वापरीत, व ते पायांखालीं इतके वाजत कीं संवाद मागाहून निराळे मुद्रित करावे लागत. येथें आग विझविण्याचा फेस, साबण व पाणी यांपासून आवाज न करणारें बर्फ तयार केलें गेलें. ऑस्कर पारितोषिकांसाठीं या चित्रपटाची पांच विभागांत निवड झाली. पण हातीं आलें तें या बर्फाच्या युक्तीबद्दलचें तांत्रिक पारितोषिक तेवढें. बाकीचा बहुतेक मान 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' या चित्रपटानें नेला. खेळांच्या उत्पन्नांत घातलेला पैसाही नीट निघाला नाहीं. इतकेंच काय, १९४७ सालीं अमेरिकन सरकारच्या गुप्तपोलीस खात्याच्या एका टिपणांत, यांत सावकाराचें चित्र इतकें काळें रंगविलें आहे कीं तें साम्यवाद्यांच्या प्रचारासारखें दिसतें, असा शेराही मारण्यांत आला!

अशा या अपयशी अपत्याचें दैव पालटलें तें एका चुकीमुळें. तेथील तत्कालीन कायद्याप्रमाणें अठ्ठावीस वर्षांनंतर हक्कांची नोंद पुनः करावी लागे. १९७४ सालीं ती करण्याचें राहून गेलें, आणि दूरचित्रवाणीच्या केंद्रांना हा चित्रपट जवळजवळ फुकट दाखवितां येऊं लागला. नाताळाच्या दिवसांत तो सकाळ-संध्याकाळ दिसूं लागला, आणि पाहतां पाहतां साऱ्या देशाचा झाला. १९९० सालीं तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत दाखल झाला. त्याच दशकांत हक्कांचा प्रश्न पुनः उपस्थित होऊन त्याचें फुकट दर्शनही थांबलें. यावरून कांहीं चिकित्सक असें म्हणतात कीं, या चित्रपटाची लोकप्रियता हा निव्वळ कायद्याचा अपघात आहे. हें म्हणणें आम्हांस अर्धेंच पटतें. अपघातानें दार उघडतें. पाहुण्याला वर्षानुवर्षें ठेवून घ्यावयाचें कीं नाहीं, हें घरचीं माणसें ठरवितात. हक्क सुटलेले चित्रपट पुष्कळ आहेत. त्यांना फुकट असूनही कोणी घरांत घेत नाहीं. तेव्हां कारण चित्रपटाच्या आंतच शोधावयास हवें.

ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथानक थोडक्यांत सांगतों. बेडफर्ड फॉल्स नांवाचें एक लहान गांव आहे. तेथील जॉर्ज बेली या तरुणाला जग पाहावयाचें आहे, उच्च शिक्षण घ्यावयाचें आहे, पूल आणि उंच इमारती बांधावयाच्या आहेत. त्याचे वडील एक लहानशी कर्जसंस्था चालवितात. आपल्याकडील पतपेढीसारखी ही संस्था गरिबांना स्वतःचें घर बांधण्यास कर्ज देते. गांवांतील बाकी सर्व कांहीं पॉटर नांवाच्या श्रीमंत सावकाराच्या मुठींत आहे. जॉर्ज प्रवासाला निघणार तोंच वडील वारतात. तो गेला तर संस्था बुडेल म्हणून तो राहतो. शिक्षणासाठीं सांठविलेला पैसा तो धाकट्या भावाला, हॅरीला, देतो. चार वर्षांनीं हॅरी परत येऊन संस्था सांभाळणार असें ठरलेलें असतें. पण तो येतो तो लग्न करून आणि सासऱ्याकडील नोकरीचें बोलणें घेऊन. जॉर्ज पुनः राहतो. लग्नाच्या दिवशीं ठेवीदारांची झुंबड उडते. मधुचंद्रासाठीं ठेवलेले दोन हजार डॉलर वांटून तो संस्था वांचवितो, आणि संध्याकाळीं तिजोरींत दोन डॉलर उरतात. महायुद्ध येतें, लहानपणीं हॅरीला गोठलेल्या तळ्यांतून वांचवितांना एक कान गेला असल्यामुळें जॉर्जला सैन्यांत घेत नाहींत, आणि हॅरी मात्र पराक्रम गाजवून राष्ट्राध्यक्षांच्या हस्तें पदक मिळवितो. शेवटीं एका नाताळाच्या आदल्या दिवशीं जॉर्जच्या वृद्ध चुलत्याच्या हातून संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात. खरें पाहतां ते पॉटरच्या हातीं पडतात, आणि तो ते दडवितो. तुरुंग डोळ्यांपुढें दिसूं लागल्यावर जॉर्ज नदीच्या पुलावर जीव देण्यास उभा राहतो. तेथें क्लॅरेन्स नांवाचा एक भोळा देवदूत येतो आणि जॉर्ज जन्मालाच आला नसता तर जग कसें असतें, तें त्याला दाखवितो.

इंग्रजी वाङ्मयाशीं परिचय असलेल्या वाचकांस येथें डिकन्सच्या १८४३ सालच्या 'अ ख्रिसमस कॅरोल' या कथेचें स्मरण होईल. नाताळची रात्र, अलौकिक पाहुणे, स्वतःच्या आयुष्याचें दर्शन, हा सांचा तेथलाच. परंतु काप्रांच्या चित्रपटांत तो सांचा उलटा केला आहे, आणि आमच्या मतें त्याचें खरें बळ येथेंच आहे. डिकन्सनें कंजूष म्हाताऱ्याला त्याचा मृत्यु दाखविला आणि सकाळीं तो सुधारला. वाचकाला बरें वाटलें. पण वाचक स्वतः कंजूष नसल्यामुळें तो उपदेश शेजाऱ्याला देऊन मोकळा झाला. काप्रांच्या चित्रपटांत कंजूष आहे, पण देवदूत त्याच्याकडे फिरकतही नाहीं. तो येतो सज्जनाकडे. पॉटर शेवटपर्यंत सुधारत नाहीं, त्याला शिक्षा होत नाहीं, आणि ते आठ हजार डॉलर परतही मिळत नाहींत. दुष्टाचा हृदयपालट हा सणाच्या कथांतील सर्वांत स्वस्त चमत्कार. तो येथें वर्ज्य केला आहे. प्रश्न विचारला आहे तो निराळा: ज्यानें आयुष्यभर बरोबर तेंच केलें, त्याला आपलें आयुष्य फुकट गेलें असें वाटूं लागलें, तर त्यास काय सांगावें?

हा प्रश्न सणाच्या दिवशींच कां पडावा, हेंही उघड आहे. सण हा हिशेबाचा दिवस असतो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्या पूजतात. ज्याच्या दुकानाची वही नाहीं तोही त्या दिवशीं मनांतली वही उघडून बसतो. कोण आला, कोण आला नाहीं, काय मिळालें, काय राहिलें. जॉर्जच्या दाराशीं तर नाताळाच्या तोंडावर खरोखरीचाच हिशेबतपासनीस येऊन उभा आहे! पॉटरकडे तो कर्ज मागावयास जातो तेव्हां त्याच्याजवळ तारण म्हणून आयुर्विम्याचा पंधरा हजारांचा कागद तेवढा असतो, आणि पॉटर त्याला ऐकवितो कीं तूं जिवंतपणापेक्षां मेल्यावर अधिक किमतीचा आहेस. हें वाक्य क्रूर आहे, पण हिशेबाच्या दृष्टीनें बिनचूक आहे. म्हणूनच तें जॉर्जच्या काळजांत शिरतें.

या चित्रपटाला गोड म्हणणाऱ्यांनीं त्याआधींचा प्रसंग पुनः एकदां पाहावा. जॉर्ज घरीं येतो. मुलगी पियानोवर नाताळच्या गाण्याचा सराव करीत आहे, मुलगा शब्दांचीं अक्षरें विचारीत आहे, सगळें घर सणाच्या गडबडींत आहे. खोलीच्या एका कोपऱ्यांत त्यानें फावल्या वेळीं केलेल्या पुलांच्या आणि इमारतींच्या लहान प्रतिकृती मांडलेल्या आहेत. ज्या कधीं बांधावयास मिळाल्या नाहींत, त्या त्यानें लांकडाच्या करून ठेवल्या आहेत. एकाएकीं तो त्या लाथेनें आणि हातानें उधळून टाकतो. पत्नी व मुलें भिंतीशीं स्तब्ध उभीं राहतात. क्षणभरानें तो क्षमा मागतो, मुलीला पुनः वाजव म्हणतो. पण वाजविण्याचें धैर्य तिला कोठून येणार? स्ट्युअर्ट यांचा या प्रसंगांतील अभिनय आम्ही कधींही विसरूं शकणार नाहीं. त्यांत अश्रु नाहींत. वर्षानुवर्षें 'कांहीं हरकत नाहीं' असें म्हणत आलेल्या माणसाचा संताप आहे. त्याग करणाऱ्या माणसाच्या मनांत राग सांठत असतो, आणि तो राग ज्यांच्यासाठीं त्याग केला त्यांच्यावरच निघतो, हें सत्य किती कौटुंबिक चित्रपटांत सांगितलें जातें? त्यागमूर्तींचीं चित्रें आपण पुष्कळ पाहतों. पण त्या मूर्तींना राग येत नाहीं, म्हणून त्या आपल्या ओळखीच्या वाटत नाहींत. जॉर्ज ओळखीचा वाटतो.

आतां देवदूताकडे वळूं. बुद्धिवादी वाचकांस हा भाग खटकण्याचा संभव आहे. परंतु क्लॅरेन्स प्रत्यक्षांत काय करतो, हें नीट पाहावें. तो पैसे आणीत नाहीं, चोर पकडून देत नाहीं, संकट टाळीत नाहीं. तो नदींत उडी घेतो तीही जॉर्जनें त्याला वांचवावें म्हणून. कारण हा माणूस स्वतःचा जीव वांचविणार नाहीं, पण दुसऱ्याचा वांचविल्यावांचून राहणार नाहीं, हें त्यास ठाऊक आहे. त्यानंतर तो फक्त दाखवितो. जॉर्ज नसता तर धाकटा भाऊ त्या तळ्यांतच बुडाला असता, आणि युद्धांत त्या भावानें वांचविलेलें जहाजही बुडालें असतें. शोकाच्या भरांत चुकून विष बांधून देणाऱ्या वृद्ध औषधविक्याचा हात धरणारा पोरगा कोणी नसता. गरिबांचीं घरें उभीं राहिलीं नसतीं, आणि गांवाचें नांवही सावकाराच्या नांवावरून पॉटर्सव्हिल झालें असतें. चमत्कार आहे तो एवढाच कीं, माणसाला जें एरवीं दिसत नाहीं तें घटकाभर दिसतें. पुढील सर्व काम माणसें करतात. आठ हजार डॉलर आकाशांतून पडत नाहींत. गांवकरी आपापल्या बरण्यांतून आणि खिशांतून आणून ते टेबलावर ओततात. ठेवीदारांच्या झुंबडीच्या दिवशीं जॉर्जनें त्यांना समजाविलें होतें कीं तुमचा पैसा येथें तिजोरींत नाहीं, तो शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींत आहे. शेवटीं त्या भिंतींतला पैसा चालत त्याच्या घरीं येतो. देवभोळी वाटणारी ही कथा अशा रीतीनें व्यवहाराच्या पक्क्या पायावर उभी आहे.

दोन आक्षेपांचा येथें परामर्श घेणें अवश्य आहे. पहिला असा कीं, हा चित्रपट लोकांना आहे त्या स्थितींत समाधान मानण्यास शिकवितो. महत्त्वाकांक्षा मारून घरीं बसावें हें त्याचें तात्पर्य. आमच्या मतें हा आक्षेप वरवरचा आहे. जॉर्ज घरीं राहिला, पण घरीं बसला नाहीं. त्याचें गांवांत राहणें हाच पॉटरशीं चाललेला झगडा आहे. पॉटर त्याला वर्षाला वीस हजार डॉलरांची नोकरी देऊं करतो. आठवड्याला पंचेचाळीस डॉलर मिळविणारा जॉर्ज क्षणभर भुलतोही, मग हातांत घेतलेला हात सोडून निघून जातो. समाधानी माणूस भुलला नसता.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो आमच्या कन्येनें घेतला. जॉर्ज नसलेल्या जगांत त्याची पत्नी मेरी अविवाहित राहून ग्रंथालयांत काम करते. चष्मा, घट्ट बांधलेले केस, भेदरलेली मुद्रा. "ग्रंथपाल होणं ही काय एवढी मोठी आपत्ति आहे, बाबा?" असें तिनें विचारलें, आणि आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या स्त्रीचें असें चित्र काढणें ही त्या काळाची संकुचित दृष्टि होय. तिचें समर्थन करणें नको. मात्र एवढें नमूद केलें पाहिजे कीं, त्याच चित्रपटांत शेवटीं जॉर्जला वांचविते ती मेरीच. तो पुलावर असतांना तीच लोकांच्या कानांवर त्याचें संकट घालते, आणि मग सारें गांव हलतें. डॉना रीड यांनीं ही भूमिका इतक्या शांतपणें केली आहे कीं, तिचें कर्तृत्व पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती खासगी असली तरी विषयाला सोडून नाहीं. हा चित्रपट आम्हीं प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेंत, आणि साहजिकच स्वतःला जॉर्जच्या जागीं कल्पून पाहिला. प्रत्येक प्रेक्षक तसाच पाहतो. पुढें कित्येक वर्षांनीं तो पुनः पाहतांना आमच्या ध्यानांत आलें कीं आम्ही जॉर्ज नाहीं. आम्ही हॅरी आहों. आमचे वडील गेले तेव्हां आमच्या ज्येष्ठ बंधूंना अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला होता. ते गेले नाहींत. तालुक्याच्या गांवचें किराणा दुकान त्यांनीं चालविलें, आणि आम्हीं पुण्यास राहून इंग्रजी वाङ्मयाच्या पदव्या घेतल्या. या गोष्टीचा उच्चार आमच्या घरांत कधींही झाला नाहीं. त्यांनीं केला नाहीं, म्हणून आम्हीं केला नाहीं. आमचें मौन ही कृतज्ञता आहे, अशी आम्हीं आपली समजूत घालून घेतली होती.

गतवर्षीं डिसेंबरांत ते आमच्याकडे राहावयास आले असतां आम्हीं मुद्दाम हा चित्रपट लावला. दादा सबंध चित्रपट कांहीं न बोलतां पाहत होते. शेवटीं हॅरी हिमवादळांतून विमानानें घरीं पोहोंचतो आणि भरल्या घरांत प्याला उंचावून, आपला थोरला भाऊ हा गांवांतील सर्वांत श्रीमंत माणूस आहे, असें सांगतो. तेव्हां आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें. आम्हांस वाटलें होतें, त्यांचे डोळे भरले असतील. ते म्हणाले, "त्या बॅगेचं पुढं काय झालं रे?"

प्रवासाला निघण्यापूर्वी जॉर्ज एक मोठी बॅग घ्यावयास जातो. इटली, बगदाद, समरकंद अशा ठिकाणच्या चिठ्ठ्या चिकटवितां येतील एवढी मोठी त्याला हवी असते. तो औषधविक्या, ज्याचा हात त्यानें लहानपणीं धरला, त्यानेंच ती त्याच्यासाठीं भेट म्हणून घेऊन ठेवलेली असते. इतक्या वेळां पाहूनही त्या बॅगेचा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. आम्ही म्हटलें, "तें दाखवलेलं नाहीं, दादा." ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "असेल कुठं तरी माळ्यावर," आणि पाणी प्यावयास उठले. त्या रात्रीं, जें तीस वर्षांत विचारलें नव्हतें, तें आम्हीं त्यांना विचारलें. त्यांनीं काय सांगितलें, तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. चांगलें दोन वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलों होतों.

शेवटल्या प्रसंगांतील आनंदानें आम्हींही पूर्वी फसून असें मानीत होतों कीं, जॉर्जला त्याचें सर्व कांहीं परत मिळालें. आतां आम्ही तसें म्हणणार नाहीं. त्याला इटली मिळाली नाहीं, पूल बांधावयास मिळाले नाहींत. उद्यां सकाळीं तो त्याच कचेरींत जाईल, आणि पॉटर त्याच्या जागीं असेल. हरवलेल्याची भरपाई हा चित्रपट करीत नाहीं, आणि केल्याचा आवही आणीत नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, वहीच्या दुसऱ्या बाजूलाही कांहीं लिहिलेलें आहे, आणि तें ज्याचें त्याला वाचतां येत नाहीं. दुसऱ्या कोणी तरी तें वाचून दाखवावें लागतें. देवदूत पडद्यावर येतो. घरोघरीं तें काम धाकट्या भावांनीं, मुलांनीं आणि शेजाऱ्यांनीं करावयाचें असतें, आणि बहुतेक घरांत तें वेळेवर होत नाहीं. दरवर्षीं सणाच्या दिवशीं माणसें हा चित्रपट पुनः लावतात याचें कारण, आमच्या अल्पमतीप्रमाणें, त्यांना त्या राहिलेल्या कामाची आठवण होते, हें आहे. ज्यांच्या घरीं असें कोणी राहिलेलें असेल, त्यांनीं हा बोलपट त्या माणसाच्या शेजारीं बसून पाहावा, एवढी शिफारस करून हा लेख पुरा करतों.